आलेखावरचं अंतर पुन्हा पुन्हा चुकतंय? आधी चुकलेलं उत्तर नीट वाचा

(−३, २) आणि (४, २) या दोन बिंदूंमधलं अंतर किती? सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी हा प्रश्न देते आणि दरवर्षी वह्यांमध्ये तीच उत्तरं सापडतात: ७, १, ८, ६ आणि एखाद्या वहीत −७. बरोबर उत्तर ७. सोलापुरात उच्च प्राथमिकला गणित शिकवणाऱ्या मैत्रिणी भेटल्या की चहाच्या वेळी हाच विषय निघतो. "पाच वेळा समजावलं, वर्गात सगळे हो म्हणतात आणि चाचणीत पुन्हा तेच." घरी अभ्यास घेणारे पालकही हेच सांगतात.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत निर्देशक भूमिती नववीला येते आणि अंतराचं सूत्र दहावीला. पण पूर्णांक संख्या सहावीत होतात, पायथागोरसचा सिद्धांत सातवीत होतो. म्हणजे लागणारं सगळं सामान सातवी-आठवीच्या मुलाच्या दप्तरात असतंच, आणि म्हणूनच मी हा भाग तेव्हाच घेते. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागू नका, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे. १ लिहिणाऱ्या मुलाची अडचण वेगळी, ८ लिहिणाऱ्याची वेगळी. तेच स्पष्टीकरण दोघांना दिलं की दोघंही मान डोलावतात आणि दोघंही जिथे होते तिथेच राहतात.

उत्तर एकाने जास्त येतं

(२, ३) ते (७, ३) हे अंतर ५. मूल लिहितं ६. बोट ठेवून मोजायला सांगा, लगेच कळेल: दोनवर बोट ठेवून "एक" म्हणतं, तीनवर "दोन", आणि सातवर पोचतं तेव्हा "सहा". ते बिंदू मोजतंय, मधली अंतरं मोजत नाही. सापशिडीत ज्या घरात सोंगटी आहे तेच घर मोजून पुढे सरकणारी मुलं आठवा, तीच ही सवय.

पण आमच्या पूर्व भागातल्या, म्हणजे सोलापूरच्या विणकर वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत याला आणखी एक कारण निघालं, आणि ते मला एका मुलीने दाखवलं. (३, २) हा बिंदू दाखव म्हटल्यावर तिने रेषा जिथे छेदतात तिथे ठिपका दिला नाही. डावीकडून तिसरं आणि खालून दुसरं घर पेन्सिलीने अगदी नीट, कडा न सोडता, काळं केलं. मी विचारलं, असं का? म्हणाली, "बाई, आमच्या घरी ग्राफ असाच भरतात." तिचे ताता, म्हणजे आजोबा, चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढायचे. जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, नक्षीच्या कागदावर एकेक घर म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा जिथे एकमेकांवरून जातात ती जागा. फूल दुसऱ्या धाग्यापासून सातव्या धाग्यापर्यंत असेल तर त्याची रुंदी ६ धागे, आणि तिथे ६ हेच बरोबर आहे. ५ धरले तर फूल एका धाग्याने अरुंद होईल.

त्या मुलीचं मोजणं चुकलेलंच नव्हतं. ते दुसऱ्या कामाचं मोजणं होतं. तेव्हापासून मी नक्षीचा ग्राफ आणि गणिताचा आलेख फळ्यावर शेजारी शेजारी काढते. नक्षीत माल घरात भरतो, गणितात बिंदू रेषांच्या छेदावर बसतो. फूल किती धाग्यांचं, या प्रश्नाला ६. दुसऱ्या धाग्यावरून सातव्यावर जायला किती वेळा सरकावं लागेल, या प्रश्नाला ५. दोन्ही प्रश्न मुलांकडून मोठ्याने सोडवून घ्या. ज्यांच्या घरी माग नाही त्यांच्यासाठी पाहुण्यांचा हिशोब आहे: गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला मामा १३ तारखेला आले आणि १५ ला गेले. दिवस ३, पण मुक्कामाच्या रात्री २. अंतर म्हणजे रात्री.

मग वर्गाबाहेर पडायचं. व्हरांड्यातल्या शहाबादी फरश्या चौरस असतील तर याहून चांगला आलेख मिळत नाही. मुलाला फरशीच्या मधोमध उभं करू नका, चार फरश्यांचे कोपरे जिथे मिळतात त्या सांध्यावर उभं करा. नियम एकच: पहिल्या जागेवर तोंड बंद. पाऊल पुढच्या सांध्यावर पडल्यावरच "एक". दोन दिवस हे पायाने केल्यावर तिसऱ्या दिवशी बोटाने वहीवर. अगदी पक्की सवय झालेल्या मुलालाही याने फरक पडतो, कारण "एक" हा शब्द आता त्याच्या हालचालीला चिकटलेला असतो.

मध्ये शून्य आलं की गाडी अडते

आता ते १ हे उत्तर. मूल −३ आणि ४ बघतं आणि ४ − ३ = १ करतं. त्याला उणे चिन्ह दिसत नाही असं नाही. त्याला ते "वजा करा" अशा हुकमासारखं दिसतं. −३ ही एक जागा आहे, शून्याच्या डावीकडे तिसरी, हे त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे नसतं.

यावर तापमानाचे दाखले पुस्तकांत असतात, पण आमच्या मुलांनी शून्याखालचं तापमान कुठे अनुभवलंय? त्यांच्याकडे याहून जवळचा दाखला आहे, आमचं उजनी धरण. उन्हाळा आला की रोजच्या पेपरात उजनी वजा इतके टक्के अशी बातमी असते. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं झालं असं नसतं. उपयुक्त साठा संपलेला असतो, त्याखाली ६३ टीएमसीहून जास्त मृत साठा असतो, आणि पाणी त्यात उतरलं की आकडा वजा होतो. नळाला पाणी किती दिवसांआड येणार हे त्या आकड्यावर ठरतं, म्हणून घरात त्यावर बोलणं होतं आणि मुलांच्या कानावर ते पडलेलं असतं.

मी विचारते, "समजा जूनमध्ये उजनी वजा ४० टक्क्यांवर होती आणि ऑगस्टमध्ये ६० टक्क्यांवर गेली. किती टक्के चढली?" सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, शंभर. वीस कोणीच म्हणत नाही. वहीत १ लिहिणारी मुलंसुद्धा म्हणत नाहीत. "शंभर कसे आले?" "आधी चाळीस चढून शून्यावर आली, मग वर साठ." हे वाक्य त्या मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. धरणाच्या मोजपट्टीसारखा उभा अक्ष काढा, त्यावर (५, −२) आणि (५, ६) दाखवा आणि तेच वाक्य वापरायला लावा. दोन चढून शून्य, मग सहा, एकूण आठ. उभ्यावर जमलं की आडव्या अक्षावर या. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पाणी वर चढताना मुलांनी मनात पाहिलेलं असतं, डावीकडून उजवीकडे जाणारं तसं काही त्यांच्याकडे नसतं.

लगेच दुसरं उदाहरण द्यायचं: वजा ७० वरून वजा २० वर आली, तर? ५०. इथे शून्य लागलंच नाही. हे दिलं नाही तर मुलं सरसकट बेरीज करायला लागतात आणि (−७, १) ते (−२, १) याचं उत्तर ५ ऐवजी ९ येतं. "चिन्हं वेगळी असली तर बेरीज, सारखी असली तर वजाबाकी" हा नियम बरेच जण देतात. मी देत नाही. मुलांनी पूर्णांकांच्या गुणाकारात चिन्हांचे नियम नुकतेच पाठ केलेले असतात, दोन्ही नियम डोक्यात एकत्र होतात आणि महिन्याभराने कुठला कशाचा ते सांगता येत नाही. त्याऐवजी एकच प्रश्न: वाटेत शून्य लागतं का? लागत असेल तर शून्यावर थांबून दोन तुकडे करा.

(−३, २) ते (४, २) चं उत्तर ६ येतं तेव्हा मुलाने शून्यच गाळलेलं असतं, −१ वरून थेट १ वर उडी. त्यावर लिफ्टचा दाखला चालतो, तळघरातून पहिल्या मजल्यावर जाताना तळमजला लागतोच.

आणि इथे एक धोका आहे, जो मला फार उशिरा कळला. एका मुलाची वही मी बरोबर म्हणून पुढे सरकवली होती, उत्तर ७ होतं. दुसऱ्या दिवशी सहज त्याला फळ्यावर मोजायला बोलावलं. त्याने −३ वर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणू लागला, "उणे तीन एक, उणे दोन दोन, उणे एक तीन," मग शून्य ओलांडून सरळ "एक चार, दोन पाच, तीन सहा, चार सात." सात! बिंदू मोजल्याने एक वाढला, शून्य गाळल्याने एक कमी झाला. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं आणि माझ्या लाल पेनाला काहीच दिसलं नाही. त्यामुळे शून्यापलीकडचं एक उदाहरण बरोबर आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सोबत एकाच बाजूचं उदाहरण द्या. (२, ३) ते (७, ३) मध्ये त्याच मुलाचं उत्तर ६ आलं आणि दुखणं उघडं पडलं.

मोजून नीट येऊ लागल्यावरच ४ − (−३) = ७ ही लेखी रीत. उजवीकडच्यातून डावीकडचा, वरच्यातून खालचा. आधी दिली तर कंसातलं उणे कुठे जातं ते मुलांना कळत नाही.

उत्तर उणे येतं, किंवा शून्य येतं

−७ लिहिणारं मूल बहुतेक वेळा विचार करणारं असतं. एकाने मला सांगितलं, "डावीकडे गेलो ना बाई, म्हणून उणे." दिशा त्याच्या लक्षात आलीय, त्याचं कौतुक करा. मग विचारा, घरून शाळेला येताना जेवढं चालतोस तेवढंच परत जाताना चालतोस ना? केवल मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरणारा आकडा, हा शब्द आणि त्या दोन उभ्या रेषा यानंतर सांगितल्या की जागेवर बसतात.

शून्य येतं ते (५, −२) ते (५, ६) मध्ये ५ − ५ केल्याने. कोणता आकडा बदललाय त्याखाली रेघ मारायची सवय लावा, आठवड्यात सुटतं.

तिरक्या रेषेला चार उत्तरं

आता खरा कठीण भाग. (१, १) ते (४, ५). हे उदाहरण मी मुद्दाम निवडलंय, कारण इथे प्रत्येक चुकीच्या समजुतीचं उत्तर वेगळं येतं आणि वही बघताच कारण कळतं. बरोबर उत्तर ५.

ज्याने ४ लिहिलंय तो घरांच्या कोपऱ्या-कोपऱ्यातून तिरका गेलाय: तीन तिरकी पावलं, मग एक सरळ वर. तिरकं पाऊल आणि सरळ पाऊल त्याला सारख्याच लांबीचं वाटतं. ज्याने ६ लिहिलंय त्याने रेषा ज्या घरांतून जाते ती घरं मोजलीत, मोजून बघा, सहाच भरतात. आणि ज्याने ७ लिहिलंय तो तीन आडवा आणि चार उभा गेला.

या सातवाल्याला चूक म्हणण्याआधी थांबा. तो रिक्षाने गेलाय. नव्या पेठेतून कुठेही जायचं तर गल्लीगल्लीने वळतच जावं लागतं, घरांवरून उडून जाता येत नाही. शिवाय सातवीच्याच विज्ञानात त्याने अंतर आणि विस्थापन शिकलंय. तिथे अंतर म्हणजे प्रत्यक्ष कापलेला मार्ग, आणि सरळ रेषेतलं ते विस्थापन. गणिताच्या तासाला आपण सरळ रेषेतल्या लांबीलाच अंतर म्हणतो. एकाच वर्षात, एकाच वर्गात, एकाच शब्दाचे दोन अर्थ! हे आपण मोठ्यांनी केलंय, मुलाने नाही. म्हणून मी वर्गात सिद्धेश्वर तलावाचं चित्र काढते. एका काठावर तू, समोरच्या काठावर तुझी मैत्रीण. चालत जायचं तर काठाने वळसा, पण तिची हाक तुला पाण्यावरून सरळ ऐकू येते. गणितात अंतर म्हणजे हाकेचं अंतर. आमच्या वर्गात आता हाच शब्द रूढ झालाय, मुलं एकमेकांना विचारतात, "चालायचं का हाकेचं?"

चार आणि सहावाल्यांना बोलून पटत नाही, त्यांना हाताने करू द्या. त्याच आलेख कागदाच्या कडेची एक लांब पट्टी कापायची, एक-एक घर मोजून त्यावर ० पासून १० पर्यंत खुणा करायच्या. ही पट्टी आधी एकाच घरावर तिरकी ठेवायची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मुलाला वाटत असतं १ येईल. खूण १ च्या पुढे जाते, जवळजवळ दीडपर्यंत, सुमारे १.४. हा क्षण घाईने उडवू नका. मुलं पट्टी उचलून पुन्हा ठेवतात, शेजाऱ्याची पट्टी घेऊन बघतात. तिरकं पाऊल लांब असतं हे त्यांना त्या वेळी कळतं आणि पुन्हा सांगावं लागत नाही. मग तीच पट्टी (१, १) पासून (४, ५) पर्यंत. बरोबर ५ वर येते. कंपास असेल तर टोक (१, १) वर, पेन्सिल (४, ५) वर, आणि तसाच खाली आडव्या रेषेपर्यंत चाप फिरवायचा. चाप (६, १) ला लागतो. एकपासून सहापर्यंत पाच.

आता पायथागोरस. मूल सिद्धांत पाठ म्हणून दाखवतं, पण आलेखावर त्याला त्रिकोण दिसतच नाही, कारण दोन ठिपक्यांमध्ये त्रिकोण असतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून पहिली पायरी म्हणजे कोपरा शोधणे. तिसरा बिंदू ठिपका देऊन दाखवायचा आणि त्याचे निर्देशक लिहायचे: (४, १). कोणी (१, ५) घेतला तरी चालतं, दोघांनाही करू द्या, उत्तर तेच येतं हे बघून त्यांना बरं वाटतं. मग आडवी बाजू ३, उभी ४. आलेख कागद असल्यामुळे बाजूंवरचे चौरस खरंच काढता येतात, घरं मोजता येतात: ९ आणि १६, मिळून २५. कर्णावर उभ्या राहणाऱ्या चौरसात २५ घरं, म्हणून त्याची बाजू ५.

इथे दोन खड्डे आहेत. एक, वर्गमूळ विसरून २५ हेच अंतर लिहिणं. पट्टी ठेवून बघ म्हटलं की स्वतःच खोडतात. दुसरा जास्त लपलेला. ३ आणि ४ नंतर ५ येतात हे बघून काही मुलं "पुढचा आकडा" असा नियम मनाशी बांधतात. म्हणून दुसरं उदाहरण ६ आणि ८ बाजूंचं द्या, उत्तर १०. आणि तिसरं (०, ०) ते (२, ३). पुढचा आकडा म्हणणारा ४ सांगतो, पट्टी ३.६ च्या आसपास दाखवते. ४ + ९ = १३, आणि ३.६ चा वर्ग १२.९६. वर्गमूळ पूर्ण येत नाही म्हणून आपलं चुकलं असं मुलांना वाटतं, पट्टीमुळे ती भीती जाते. १३ चं वर्गमूळ हे चिन्ह लिहून सोडलं तरी चालतं, पण ते ३ आणि ४ च्या मध्ये कुठेतरी आहे हे मुलाने बोटाने दाखवलं पाहिजे.

सगळं जमतंय असं वाटलं की (−२, −१) ते (३, ११) द्या. कोपरा (३, −१), आडवी बाजू ५, उभी १२, अंतर १३. कोणाची आडवी बाजू १ आली, उभी १० आली, तर त्याला पायथागोरस पुन्हा शिकवू नका. तो उजनीच्या पाठाला परत जायला हवा.

मुलाचं नाही, कागदाचं चुकतं तेव्हा

हे सहसा कोणी तपासत नाही. मोबाइलवरून घेतलेला आलेख दुकानात छापून आणला की बहुतेक वेळा तो पानात बसवण्यासाठी लहान होतो. एक सेंटिमीटरचं घर ९ मिलिमीटरचं होतं, आणि फूटपट्टीने मोजणाऱ्या मुलाचं ५ चं ४.५ येतं. कधी पान एका बाजूने ताणलं जातं आणि घर चौरसच राहत नाही. मग आडवं, उभं बरोबर येतं, तिरकं मात्र कुठल्याच पट्टीने जुळत नाही, आणि वर्गातलं हुशार मूलही गोंधळतं. नक्षीच्या ग्राफची घरं पुष्कळदा मुद्दामच चौरस नसतात, ताण्याबाण्याच्या प्रमाणानुसार ती आडवी-उभी वेगळी असतात, म्हणून घरून आणलेला तो कागद तिरक्या अंतराला वापरू नये. छापलेला कागद वाटण्याआधी दहा घरं आडवी आणि दहा घरं उभी मोजून बघा, दोन्ही सारखी आली तरच वाटा. लहान झालेला पण चौरस राहिलेला कागद चालतो, फक्त फूटपट्ट्या दप्तरात ठेवायला सांगा आणि मोजायची पट्टी त्याच कागदातून कापा.

प्रमाण १ सेमी = २ एकक असेल तेव्हाही हेच. पट्टीवरच्या खुणांना ०, २, ४, ६ असे आकडे लिहायला लावा, घरं मोजून अर्धं उत्तर लिहिणं त्याच तासाला थांबतं. दोन्ही अक्षांवर प्रमाण वेगळं असलेला आलेख या वयात अंतरासाठी देऊच नये. तो आठवीनंतर, तक्ते आणि माहिती मांडायला.